मोडीची चांदी

घरातली जुनी चांदी दागिना किंवा भांडे म्हणून न विकता केवळ धातूच्या भावाने सराफाला दिली, की ती मोड होते. ताटाची नक्षी, पैंजणाची घडण, पेल्यावर कोरलेले आजोबांचे नाव यांना या व्यवहारात किंमत नसते. वजन किती, त्यात चोख चांदी किती आणि त्या दिवशीचा दर काय, एवढ्यावर रक्कम ठरते. नांदेडच्या जुन्या गावातल्या सराफ्यात आणि लातूरच्या गंजगोलाईतून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी सराफ लाइनीवर हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी, जून-जुलैत मुलांच्या क्लासच्या फीसाठी आणि लग्नसराईत नवे घडवण्यासाठी जुनी चांदी बाहेर निघते. सोयाबीनचे पैसे हाती आले, की दिवाळीत त्यातली थोडी परत घरात येते. २०२५ मध्ये हे चक्र थोडे बिघडले. त्या वर्षी ऑक्टोबरात जागतिक बाजारात चांदीने औंसाला ५० डॉलरची, म्हणजे १९८० पासूनची उच्चांकी पातळी ओलांडली. डिसेंबरात भारतात किलोचा भाव दोन लाखांच्या वर गेला. ज्यांना गरज नव्हती त्यांनीही मग कपाटे उघडली.

मोडीला येणारी चांदी एका प्रकारची नसते. शेतकऱ्याच्या घरातून येतात ती जोडवी, पैंजण, तोडे, वाळे, करदोडे, दंडातली कडी. सोने लक्ष्मी मानले जाते, म्हणून कमरेखाली सोने घालायचे नाही, हा संकेत मराठवाड्यात अजून पाळला जातो. त्यामुळे पायातले सगळे दागिने चांदीचे असतात, आणि गरिबाघरी बहुतेक चांदी पायातच असते. देशमुख-देशपांड्यांच्या जुन्या वाड्यांतून आणि व्यापारी पेठेतल्या घरांतून भांडी येतात: ताट, वाटी, फुलपात्र, तांब्या, पळी-पंचपात्र, निरांजन, समई, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानदान. काटे-चमच्यांचे पूर्ण संच या भागात क्वचितच दिसतात. चमचा आढळतो तो मुख्यतः उष्टावणाच्या वाटीबरोबर, नातवंडासाठी आजोळहून आलेला.

किनवट, माहूर, मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या तालुक्यांतल्या तांड्यांवरून येणारी बंजारा चांदी वेगळी ओळखू येते. लग्न झालेल्या बाईच्या कानशिलावर केसांत गुंफून लोंबणाऱ्या घुगरी-टोपल्या, गळ्यातली जाड हासळी, रुपयांचा हार, पायातल्या भरीव वाकड्या असे नग एका बाईच्या अंगावर किलोच्या आसपासही भरत. ऊसतोडीला जाणाऱ्या आणि शहरात राहणाऱ्या पुढच्या पिढीने हा साज उतरवला, आणि त्यातला पुष्कळसा मुशीत गेला. तांड्यांवरची ही चांदी वजनाला चांगली भरते, पण तिच्या शुद्धतेत फरक फार. कारण ती एका साच्यातली नाही. बाजाराच्या गावचा सोनार त्या वेळी हाताशी असलेली नाणी आणि मोड आटवून ती घडवत असे.

मराठवाड्यातल्या जुन्या चांदीचा मोठा हिस्सा मुळात नाणीच होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी होती. त्याचे वजन एक तोळा भरे, म्हणून गिऱ्हाईक सोनाराला मोजून रुपये देई आणि तेवढ्या वजनाचा दागिना मागे. पण मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. तो ११.१८ ग्रॅमचा होता आणि त्यातली चांदी ८१.८ टक्के. ढोबळ मानाने सात हाली रुपये म्हणजे सहा ब्रिटिश रुपये, असा हिशेब बाजारात चाले. ज्या घरचे दागिने हाली रुपये आटवून झाले, त्यांची चांदी ब्रिटिश रुपयांच्या चांदीहून मुळातच हलकी असे. सोनाराने स्वतःहून काही मिसळले नसले तरीही हा फरक राही. आज टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, कमी निघाला की आजीच्या सोनाराला शिव्या देण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

दुसऱ्या महायुद्धात दोन्ही सरकारांनी रुपया पातळ केला. १९४० पासून ब्रिटिश रुपयात निम्मी चांदी उरली आणि बाकी तांबे, निकेल, जस्त आले. हैदराबादचा रुपयाही त्या दशकात निम्म्या चांदीवर आला. १९४७ चा भारतीय रुपया तर शुद्ध निकेलचा. जुन्या पेटीच्या तळाशी सापडलेल्या शंभर रुपयांची मोड म्हणून किंमत त्यामुळे सालावर अवलंबून असते. १९४० पूर्वीच्या शंभर ब्रिटिश रुपयांत सुमारे १,०६९ ग्रॅम चोख चांदी असते, जुन्या शंभर हाली रुपयांत सुमारे ९१४ ग्रॅम आणि १९४० नंतरच्या शंभर ब्रिटिश रुपयांत जेमतेम ५८३ ग्रॅम. निकेलच्या रुपयात चांदी नाहीच, पण तोही भाबडेपणाने या ढिगात आलेला असतो.

व्यवहाराची पहिली पायरी वजनाची, आणि पहिला घोळ इथेच होतो. जुन्या वह्यांत आणि पावत्यांवर वजन तोळ्यांत लिहिलेले असते. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. देशात मेट्रिक वजने आली तशी कागदावरची तोळ्याची सद्दी संपली, पण बोलण्यातून तो गेला नाही. आता दुकानात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. चांदीसाठी चालणारा ‘भार’ही आता दहा ग्रॅमचाच धरतात. वहीत पन्नास तोळे लिहिलेले ताट न झिजता काट्यावर ५८३ ग्रॅम, म्हणजे आजचे अठ्ठावन्न भार भरले पाहिजे. पन्नासच भरले, तर सुमारे ८३ ग्रॅम चांदी झिजली किंवा मुळात नव्हतीच. असा हिशेब बहुतेक घरांत कोणी करत नाही. उलट ‘पन्नास तोळ्याचे ते पन्नास भरले’ म्हणून समाधान मानले जाते.

झीज होते ती मात्र खरी. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. तो काळा थर चांदीच्या सल्फाइडाचा असतो, आणि राखेने किंवा दंतमंजनाने घासताना त्याच्यासोबत चांदीही जाते. रोज घासला जाणारा देवघरातला तांब्या चाळीस-पन्नास वर्षांत हाताला पातळ लागतो. ॲल्युमिनियमची पन्नी आणि खाण्याचा सोडा घालून उकळत्या पाण्यात भांडे ठेवले, तर रासायनिक क्रियेने सल्फाइडातली चांदी पुन्हा भांड्यावर उतरते आणि वजन फारसे जात नाही. विकण्यापूर्वी चांदी चकाकवून नेण्याचा मात्र काही उपयोग नसतो. काळ्या चांदीचा दर कमी नसतो.

वजन करण्याआधी जे चांदीचे नाही ते काढावे लागते. पोकळ तोड्यांत आणि समईच्या बुडात लाख किंवा राळ भरलेली असते. चवरीच्या दांड्याला आत लाकूड असते, पैंजणाच्या घुंगरांत खडे असतात, फासा आणि स्क्रू पितळेचे किंवा पोलादाचे असतात, मिनाकारीचा रंगही वजन खातो. इंग्रजी धाटणीच्या सुरीचे पाते तर पोलादाचेच असते आणि तिच्या पोकळ मुठीत राळ ठासलेली. प्रामाणिक सराफ हे गिऱ्हाइकासमोर काढून निव्वळ वजन दाखवतो. घाईचा सराफ ‘एवढे भाराचे कापतो’ असे अंदाजाने सांगतो. मोडीच्या व्यवहारातली सर्वांत मोठी गफलत या अंदाजात दडलेली असते, आणि ती टाळायला पक्कड आणि पाच मिनिटे पुरतात.

नंतर टंच. चांदीच्या शंभर भागांत चोख किती, हे सांगणारा आकडा म्हणजे टंच. सोन्याची परीक्षा कसोटीच्या दगडावर बऱ्यापैकी होते, चांदीची तितकी नाही. दगडावर ओढलेली ऐंशी टंचाची आणि नव्वद टंचाची रेघ वेगळी ओळखणे अनुभवी डोळ्यालाही जड जाते. म्हणून आता सराफ्यात क्ष-किरणांनी टंच काढणारी यंत्रे आली आहेत. यंत्र नगाला धक्का न लावता मिनिटाभरात आकडा देते. पण ते वरचा काही मायक्रॉन जाडीचा थरच वाचते. वर्षानुवर्षे घासून किंवा तेजाबात उजळून वरचे तांबे निघून गेलेले असले, तर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त टंच दाखवते. वरून चांदीचा मुलामा दिलेला असेल तर ते पुरते फसते. जाड नग कानसीने थोडा घासून आतल्या धातूवर परीक्षा करतात ती यासाठी. मोठा माल असेल तर तो आधी आटवून लगड करतात आणि लगडीतून नमुना काढतात. सगळे एकजीव झाल्यामुळे तो आकडा सर्वांत भरवशाचा.

टंच घसरण्याचे मोठे कारण डाख आहे. पैंजण शेकडो कड्या जोडून होते आणि प्रत्येक सांधा तांबे-जस्ताच्या डाखाने झाळलेला असतो. कड्या ब्याण्णव टंचाच्या असल्या तरी आटवल्यावर अख्खे पैंजण त्याच्या बरेच खाली येते. पत्रा ठोकून केलेल्या ताटाला किंवा वाटीला सांधा नसतोच, म्हणून भांड्यांची मोड पैंजणांपेक्षा चांगली निघते. वजनाला हलके आणि दिसायला भारी असे साखळीचे पैंजण विकत घेणाऱ्याने ही गोष्ट घेतानाच ओळखली पाहिजे.

एवढे कळल्यावर रकमेचा हिशेब शाळेतल्या गणिताचा उरतो. चारशे ग्रॅमचे ताट, टंच पंच्याऐंशी. चोख चांदी ३४० ग्रॅम. किलोचा भाव दीड लाख धरला तर ५१,००० रुपये. यातून आटणीची घट आणि सराफाचा नफा जातो, आणि तो जायलाही हवा, कारण त्याला ही चांदी शुद्ध करून विकायची असते. पण तेच ताट ऐंशी टंचाचे धरले, तर रक्कम ४८,००० वर येते. तीन हजारांचा हा फरक दरात दिसत नाही. दर तोच राहतो, टंच बदलतो. गिऱ्हाईक दर विचारत चार दुकाने फिरते आणि टंच मात्र कोणालाच विचारत नाही, ही सराफ्यातली जुनी विसंगती आहे.

मोडीत चांदी गेली की ‘सराफाने लुटले’ अशी भावना होते. बऱ्याचदा ती चुकीची असते. तोटा बहुधा खरेदीच्याच दिवशी झालेला असतो. नवी वस्तू घेताना गिऱ्हाइकाने चोख चांदीचा दर दिलेला असतो, वर घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी. मोडताना घडणावळ शून्य होते, जीएसटी परत मिळत नाही आणि दर टंचावर उतरतो. ज्या दुकानातून घेतले तिथेच मोडले तर काही सराफ पावती पाहून पूर्ण वजन धरतात. पण हा शब्द पावतीवर लिहिलेला असेल तरच त्याला अर्थ आहे. सोन्यावर २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, चांदीवर तो ऐच्छिकच राहिला. सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही प्रत्येक नगाचा सहा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक मिळू लागला, तरी घेणे न घेणे दुकानदाराच्या मर्जीवर. नवी चांदी घेणाऱ्याने हॉलमार्क मागून घ्यावा. तिच्या मोडीच्या वेळी टंचाचा वाद निम्म्याने कमी होतो.

दुकानात जमलेली मोड पुढे गलाईवाल्याकडे जाते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतली माणसे हा धंदा घेऊन देशभरच्या सराफ्यांत पसरली. विट्याच्या परिसरातल्या घराघरांत कोणी ना कोणी परगावी गलाईत असते. ते मोड मुशीत आटवतात. चांदी ९६२ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, सोन्याहून शंभर अंश आधी. टाकणखार टाकून वरची घाण बाजूला काढतात आणि लगड ओततात. चोख करायची असेल तर लगड तेजाबात, म्हणजे नत्राम्लात विरघळवतात आणि द्रावणात तांब्याची पट्टी सोडतात. तांबे विरघळत जाते आणि चांदी करड्या भुकटीच्या रूपाने खाली बसते. ती धुऊन पुन्हा आटवली की चोख. जुन्या पद्धतीत हेच काम हाडांच्या राखेच्या थाळीत शिशाबरोबर तापवून होई. शिसे खोट घेऊन राखेत मुरे आणि चांदीचा मणी वर राही. तेजाबाचा तपकिरी धूर छातीला घातक असतो. दाटीवाटीच्या पेठेतल्या लहान भट्ट्यांत पुरेशी धुराडी नसतात, हे या धंद्याचे न बोलले जाणारे अंग. सांडलेलेही वाया जात नाही: सोनाराच्या दुकानासमोरची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन त्यातले कण वेचणे हा झारेकऱ्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. चोख झालेली चांदी विटेच्या रूपाने हुपरी, खामगाव, राजकोट, आग्रा, सेलम अशा गावांत जाते आणि नवे पैंजण होऊन नांदेड-लातूरला परतते.

काही वस्तू या वाटेला लावू नयेत. पहिली बिदरी. बिदर लातूर जिल्ह्याला लागून आहे आणि उदगीर, कंधार, नांदेड भागातल्या जुन्या घरांत बिदरी हुक्के, पानदाने, सुरया सापडतात. त्यांचा काळा धातू जस्त आणि थोड्या तांब्याचा असतो. चांदी फक्त वरच्या नक्षीत तारेच्या किंवा पातळ पत्र्याच्या रूपात बसवलेली असते. मोड म्हणून बिदरीची किंमत नगण्य आणि कलावस्तू म्हणून अनेक पटींनी जास्त. तिला आटवणे म्हणजे उघड नुकसान. दुसरा प्रकार नाव असलेल्या कारागिरांचा. कच्छच्या दरबाराचा कारागीर उमरशी मावजी याच्या वस्तूंखाली ओ. एम. अशी अक्षरे असतात. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि मद्रासची पी. ऑर या पेढ्यांचेही छाप असतात. लिलावात यांची किंमत चांदीच्या भावाशी संबंध सोडून ठरते. इंग्लंडच्या चांदीवर चालत्या सिंहाची खूण असते, ती साडेब्याण्णव टंचाची खात्री. म्हणून वस्तू उलटी करून भिंगातून बूड पाहिल्याशिवाय मोडीला देऊ नये. अमेरिकेत १९७९-८० मध्ये हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी भडकली, तेव्हा घराघरांतले काटे-चमचे थेट भट्टीत गेले आणि त्यात जुन्या कारागिरांची कामेही आटली. मार्च १९८० मध्ये भाव कोसळला, तोवर ती परत मिळण्याजोगी राहिली नव्हती.

नाण्यांतही हेच. बहुतेक रुपये मोडीच्याच लायकीचे असतात, पण १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मिळ आहे आणि संग्राहक त्याला चांदीच्या भावाच्या कितीतरी पट देतात. बंजारा साजाचे पूर्ण संचही आता वस्तुसंग्रहालये आणि संग्राहक शोधतात. सुटे नग विकले की संचाची किंमत जाते.

याउलट, चांदी समजून आणलेले पुष्कळ काही चांदी नसतेच. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी औषधालाही नसते. ई. पी. एन. एस. असा छाप असलेले चमचे याच मिश्रधातूचे, वर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. जरीची गोष्ट मध्ये कुठेतरी बसते. जुनी अस्सल जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. गल्लीत जुने शालू आणि पैठण्या मागत फिरणारे फेरीवाले पदर जाळून त्यातली चांदी काढतात आणि मालकिणीला देतात त्या बदल्यात स्टीलचे पातेले. अख्खी जुनी पैठणी जरीच्या वजनाहून किती तरी महाग असते.

देवाच्या टाकांचा नियम निराळा. खंडोबा, रेणुका, तुळजाभवानीचे चांदीचे टाक झिजले की बऱ्याच घरांत नवे घडवून जुने नदीत विसर्जित करतात, काही घरांत तीच चांदी नव्यात घालतात. मोडीला टाक विकणे कमीपणाचे समजले जाते आणि अनेक सोनारही ते घेताना कुरकुरतात.

वाड्याची भिंत पाडताना किंवा शेत नांगरताना नाण्यांचा गडू लागला, तर तो मोडीला देण्याचा प्रश्नच नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दहा रुपयांची ती मर्यादा अजून तशीच आहे. चोरीचा माल घेणे हा गुन्हा असल्याने सराफ आता मोड आणणाऱ्याचे ओळखपत्र मागतात आणि नोंद ठेवतात. न मागणाऱ्या दुकानात टंचही नीट मिळण्याची शक्यता कमी.

कराच्या बाजूने घरगुती विक्रेत्याची अवस्था बरी आहे. घरच्या चांदीची मोड हा व्यापार नव्हे, त्यामुळे तीवर जीएसटी नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने जुलै २०१७ मध्येच केला. दहा हजारांवरची रक्कम व्यापाऱ्याने रोखीने दिली तर त्याला ती खर्चात दाखवता येत नाही, म्हणून तो खात्यावर देतो. यात विक्रेत्याने संशय घेण्यासारखे काही नाही. दागिन्यांवरचा नफा भांडवली नफा ठरतो. दोन वर्षांहून जुन्या चांदीसाठी जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दर आहे, आणि २००१ पूर्वीच्या वडिलार्जित चांदीची मूळ किंमत १ एप्रिल २००१ च्या बाजारभावाने धरता येते. रोजच्या वापरातली चांदीची भांडी मात्र वैयक्तिक वापराची वस्तू मानली जातात, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकात म्हटले आहे. लक्ष्मीपूजनाच्या नाण्यांना ही सवलत मिळत नाही. धोलपूरच्या महाराजांनी आपली चांदीची नाणी आणि विटा महालक्ष्मीच्या पूजेच्या म्हणून वैयक्तिक ठरवाव्यात असा दावा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये फेटाळला.

पैशांची गरज तात्पुरती असेल, तर मोडण्याआधी तारणाचा विचार करता येतो. पूर्वी हा मार्ग सावकाराच्या ओट्यावरूनच जाई. मराठवाड्यातल्या कित्येक घरांची चांदी व्याज थकल्याने तिथेच राहिली. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमात परवाना, नोंदवही आणि व्याजाची कमाल मर्यादा आहे, तरी बिनपरवाना सावकारी थांबलेली नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये चांदीच्या तारणाचे नियम जाहीर केले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत दिली. एका कर्जदाराला दहा किलोपर्यंत चांदीचे दागिने व भांडी आणि पाचशे ग्रॅमपर्यंत नाणी तारण ठेवता येतात. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. चांदीच्या विटेवर कर्ज मिळत नाही, म्हणून तारण ठेवण्याचा विचार असेल तर भांडी आटवून वीट करून घेऊ नये.